गळ्यातला क्रमांक, शहरातला पत्ता

१९३९ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक विलक्षण प्रश्न आला : इन्युइट (तेव्हाच्या भाषेत ‘एस्किमो’) हे राज्यघटनेच्या अर्थाने ‘इंडियन’ आहेत काय? वरवर मानववंशशास्त्राचा वाटणारा हा वाद मुळात खर्चाचा होता. क्वेबेकच्या उत्तर भागातील इन्युइटांच्या मदतीचा भार केंद्राने उचलायचा की प्रांताने, हे ठरायचे होते. न्यायालयाने ‘होय’ म्हटले आणि जबाबदारी केंद्राकडे गेली.

जबाबदारी आली, हक्क मात्र आले नाहीत. १९३४च्या कायद्याने इन्युइटांना मतदानापासून वगळले होते. ती बंदी उठली १९५० साली. मधल्या काळात, १९४१पासून, प्रत्येकाला क्रमांक कोरलेली एक चकती देण्यात आली. ती गळ्यात घालायची. इन्युइटांमध्ये आडनावाची पद्धत नव्हती, आणि नोंदवहीला माणसापेक्षा आकडा सोयीचा होता. १९७०च्या सुमारास एब ओकपिक या इन्युइट गृहस्थांनी वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांची आडनावे नोंदवली, तेव्हा चकत्या मागे पडू लागल्या.

पुढचा पेच जागेचा. १९७५च्या जेम्स बे करारानुसार, जो लाभार्थी सलग १० वर्षे कराराच्या प्रदेशाबाहेर स्थायिक राहील, त्याचे लाभ थांबतात. परत येऊन राहिल्यास ते पुन्हा सुरू होतात. म्हणजे हक्क माणसाला मिळाले, पण भूमीला बांधून.

२०२१च्या जनगणनेत कॅनडात सुमारे ७०,५०० इन्युइट होते. त्यांपैकी दहांतले तिघे मायभूमीबाहेर राहतात. ही माणसे शहरात का येतात, याचा शोध नोबुहिरो किशिगामी या जपानी मानववंशशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात मॉन्ट्रिअलमध्ये घेतला. शिक्षण, नोकरी, घरांची टंचाई, घरातला छळ, अशी कारणे पुढे आली. ‘आपली मुळे सोडायची म्हणून’ कोणी आलेले नव्हते.

तरीही शहरातला इन्युइट म्हणजे वारसा हरवलेला माणूस, ही समजूत टिकून आहे. ती इतिहासाला धरून नाही. शिकारीमागे ऋतुमानाप्रमाणे फिरणारा हा समाज कायम वस्त्यांत स्थिरावला तो प्रामुख्याने १९५०नंतर, शाळा, दवाखाने आणि सरकारी धोरण यांच्या रेट्याने. ज्या गावाला आपण ‘मूळ’ समजतो, तेही अनेकदा एका आयुष्याएवढेच जुने असते. उत्तरेहून आलेले मांस वाटून खाणे, मुलांशी इनुक्टिटुटमध्ये बोलणे, हे ऑटावातल्या भाड्याच्या खोलीतही होऊ शकते. वारसा तिथवर पोचतो. नागरिकत्वाचे हक्क तिथवर पोचतात का, हे करार आणि कायदे करणाऱ्यांनी ठरवायचे आहे.