नाताळगोठा, मोबाईल आणि घरातील ख्रिस्तसभा

सन २०२० च्या हिवाळ्यात करोनाच्या साथीमुळे आपली घरे एकाच वेळी शाळा, कार्यालय व प्रार्थनामंदिर झाली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर रोजी उघडली; परंतु २२ डिसेंबरपासून महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी लागू झाली आणि तेथे नाताळची मध्यरात्रीची मिस्सा लवकर अर्पण करावी लागली. वयोवृद्ध भाविकांनी नातवंडांच्या मोबाईलवर मिस्सा पाहिली. परदेशी गेलेली मुले व्हिडिओ कॉलवरून घरच्या जपमाळेत सामील झाली.

त्याच दिवसांत रिकाम्या हातांनी पेंढा, माती व पुठ्ठा घेऊन घरोघरी नाताळगोठे उभारले. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे गोठ्याचा देखावा साकारला होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी तेथेच गोठ्याविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी करून ही कौटुंबिक प्रथा जपण्यास उत्तेजन दिले होते.

मग पडद्यावरील मिस्सा पुरेशी आहे काय? नाही. १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात पोप महोदयांनी सावध केले होते की, संस्कारांवाचून आणि प्रत्यक्ष भाविक समुदायावाचून ख्रिस्तसभा पूर्ण होत नाही. आध्यात्मिक कम्युनियन ही परमप्रसादाची ओढ आहे, त्याला पर्याय नव्हे. गोठाही हेच शिकवतो: देव दुरून दिसला नाही, तो देह धारण करून आपल्यात आला.

अंथरुणाला खिळलेल्यांना पडदा आजही आधार आहे. त्यांच्या घरी परमप्रसाद पोहोचावा म्हणून आपल्या धर्मगुरूंना अवश्य कळवावे. इतरांनी मात्र मंदिराची वाट धरावी.