बॅटमोबील : वीराचे वाहन आणि त्याची लघुप्रतिकृती

लोकांच्या कल्पनेत वावरणाऱ्या वीराला बहुधा एखादे वाहन असतेच. अर्जुनाचा रथ ध्वजावरील कपीमुळे दुरूनही ओळखू येतो. तो दिसला म्हणजे अर्जुन आला, हे शत्रुसैन्याला वेगळे सांगावे लागत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत जन्मलेल्या सचित्र वीरकथांनीही अशी वाहने निर्माण केली. त्यांपैकी बॅटमॅन या नायकाच्या मोटारीला जी कीर्ती लाभली ती फारच थोड्या वाहनांच्या वाट्याला आली असेल. ही मोटार ‘बॅटमोबील’ या नावाने ओळखली जाते. मूळ मोटार पाहण्याचा योग मोजक्यांनाच येतो. परंतु तिच्या तळहातावर मावणाऱ्या प्रतिकृती लक्षावधी घरांत पोहोचल्या. ज्या मुलांनी त्या एकेकाळी जमिनीवर फिरविल्या, त्यांतील कित्येक जण प्रौढपणी त्याच प्रतिकृती मोठी किंमत देऊन पुन्हा मिळवू लागले. या आवडीला बालिशपणा किंवा जाहिरातीचे यश म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. तथापि वीरकथांतील असंख्य वस्तूंमधून हीच वस्तू इतकी प्रिय का व्हावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

१. अलौकिक शक्ती नसलेला नायक

बॅटमॅनची पहिली कथा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या मासिकाच्या मे १९३९च्या, म्हणजे २७व्या अंकात प्रसिद्ध झाली. चित्रकार बॉब केन व लेखक बिल फिंगर हे तिचे कर्ते. आदल्याच वर्षी, जून १९३८च्या अंकातून, सुपरमॅन वाचकांसमोर आला होता. या दोघांतील भेद मूलगामी आहे. सुपरमॅन परग्रहावरून आलेला असून त्याचे सामर्थ्य जन्मजात आहे. प्रारंभी तो प्रचंड झेपा घेई, पुढे उडूही लागला. अशा पुरुषाला वाहन कशाला हवे? बॅटमॅन ऊर्फ ब्रूस वेन हा मात्र मर्त्य माणूस आहे. आईवडिलांची हत्या बालपणी डोळ्यांदेखत पाहिलेला हा धनिकपुत्र शरीर कमावतो, शास्त्रांचा अभ्यास करतो आणि साधने सिद्ध करतो. व्यायाम, विद्या आणि साधन या तिहींतून त्याचे सामर्थ्य घडलेले आहे. पहिली दोन त्याच्या देहात व बुद्धीत असतात. तिसरे देहाबाहेर असते व कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. बॅटमॅनची मोटार म्हणजे त्याच्या सामर्थ्याचा देहाबाहेर मूर्त झालेला अंश होय.

याचा पडताळा विरुद्ध उदाहरणांवरून घेता येतो. भिंती चढणाऱ्या व जाळ्याच्या तंतूवर झोके घेत जाणाऱ्या स्पायडरमॅनला १९७४ साली एक मोटार देण्यात आली. १९७८ साली खुद्द सुपरमॅनलाही एक वाहन मिळाले आणि त्याची प्रतिकृती कॉर्गी या ब्रिटिश खेळण्यांच्या नाममुद्रेखाली बाजारात आली. परंतु ही वाहने कथांमध्ये रुजली नाहीत. कारण उघड आहे. ती काढून घेतली तरी नायकाचे काही उणे होत नाही. बॅटमॅनच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. वाहन आकर्षक असणे पुरेसे नाही. नायकाला त्याची खरीखुरी गरज असावी लागते.

२. रूप बदलते, ओळख टिकते

आश्चर्य असे की, या मोटारीला स्थिर रूप कधीच नव्हते. पहिल्या कथेत बॅटमॅन एका साध्या लाल मोटारीतून जातो. ‘बॅटमोबील’ हे नाव फेब्रुवारी १९४१च्या ४८व्या अंकात प्रथम आले. त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत ‘बॅटमॅन’ मासिकाच्या ५व्या अंकात गडद रंगाची, नाकाशी वटवाघळाचे मस्तक व पाठीवर उंच कल्ला असलेली मोटार अवतरली. फेब्रुवारी १९५०च्या कथेत जुनी मोटार नष्ट होते आणि नायक फिरत्या प्रयोगशाळेने सज्ज अशी नवी मोटार बांधतो. मोटार मोडते, नवी होते, आणि तरीही ‘तीच’ राहते, ही कल्पना अशा रीतीने कथेतच मान्य झाली.

१२ जानेवारी १९६६ रोजी अमेरिकेत बॅटमॅनवरील दूरचित्रवाणी-मालिका सुरू झाली. मार्च १९६८पर्यंत तिचे १२० भाग झाले. तिच्यासाठी जॉर्ज बॅरिस या मोटारकारागिराने जी मोटार तयार केली तिचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. लिंकन कंपनीने भविष्यकाळातील मोटारीचा नमुना म्हणून १९५५ साली ‘फ्यूचुरा’ ही गाडी प्रदर्शनात मांडली होती. तिचे शरीर इटलीतील तुरिन शहरी घिया या कारखान्यात घडविले गेले. दोन पारदर्शक घुमट आणि मागे उंच गेलेले पंखासारखे पत्रे ही तिची वैशिष्ट्ये. ती कधीच विक्रीस आली नाही. १९५९ साली एका चित्रपटात लाल रंगात झळकून ती अडगळीत पडली, आणि बॅरिसने ती नाममात्र एक डॉलरला घेतली. मालिकेसाठी वेळ अगदी थोडा होता. बॅरिसच्या कारागिरांनी पुढील भागाला वटवाघळाच्या तोंडाचा आकार दिला, मागील पत्रे पंखांप्रमाणे कातरले, संपूर्ण अंग काळे करून कडांना तेजस्वी तांबडी रेघ ओढली. भविष्यकाळाचे जे स्वप्न मोटारउद्योगाने टाकून दिले होते ते अशा रीतीने एका वीरकथेत नांदू लागले. हीच मोटार जानेवारी २०१३मध्ये ॲरिझोना राज्यातील एका लिलावात सुमारे ४६ लाख डॉलरांना विकली गेली.

यानंतरची रूपे परस्परांपासून अधिकच दूर आहेत. १९८९च्या चित्रपटात अँटन फर्स्ट यांच्या कलादिग्दर्शनाखाली लांबलचक नाकाची, विमानाच्या इंजिनाची आठवण करून देणारी काळी मोटार आली. २००५ साली ख्रिस्तोफर नोलन यांच्या चित्रपटात रणगाड्याला जवळचे असे लष्करी वाहन आले. त्याला पंख नव्हते, आणि चित्रपटात त्याला ‘टम्बलर’ म्हणत, ‘बॅटमोबील’ असे एकदाही म्हटलेले नाही. तरीही प्रेक्षकांनी त्याला जुन्याच नावाने ओळखले. २०२२च्या चित्रपटातील मोटार तर एखाद्या हौशी तरुणाने आपल्या गॅरेजात खपून बांधावी अशी आहे. प्रत्येक पिढीला आपल्या लहानपणची मोटार खरी वाटते आणि त्यावरून चाहत्यांत वाद रंगतात. पण वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य असते : या सर्व मोटारी एकाच मोटारीची रूपे आहेत.

३. न्यायालयाचा निर्णय

ही एकरूपता केवळ चाहत्यांच्या भावनेत आहे की वस्तुतः काही आहे, हा प्रश्न एकदा न्यायालयापुढेही आला. कॅलिफोर्नियातील एक कारागीर १९६६ व १९८९च्या मोटारींच्या पूर्णाकृती नकला बांधून सुमारे ९०,००० डॉलरांना एक याप्रमाणे विकत असे. डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला. मोटार ही उपयोगाची वस्तू आहे आणि तिचे रूप सतत बदलत आले आहे. मग तिच्यावर लेखनाधिकार कसा असेल, असा प्रश्न उपस्थित झाला. २३ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, बॅटमोबील हे कथेतील एक ‘पात्र’ असून त्याला लेखनाधिकाराचे संरक्षण आहे.

न्यायालयाने पात्रत्वाची तीन लक्षणे मानली : त्याला दृश्य रूप व संकल्पनात्मक गुण हे दोन्ही असावेत, जेथे जेथे ते प्रकट होईल तेथे ते तेच म्हणून ओळखू यावे, इतके त्याचे रेखाटन स्पष्ट असावे, आणि ते विशेष वेगळे असावे. वटवाघळाशी साम्य, काळाच्या पुढची यंत्रसामग्री, गुन्हेगारांशी झुंजण्याचे कार्य आणि स्वतःचे नाव हे गुण या मोटारीत सर्व रूपांतून टिकून राहिले, असे न्यायालयाला आढळले. नट बदलला तरी जेम्स बाँड हे पात्र बदलत नाही, तसेच हे.

या निर्णयाचा अर्थ दुहेरी आहे. चाहते जे सहजपणे जाणत होते त्यास एका परीने न्यायालयाची मान्यता मिळाली. त्याच वेळी, जी ओळख लोकांच्या स्मृतीने दशकानुदशके जागती ठेवली ती कायद्याने एका संस्थेची मालमत्ता ठरली. लोककथेतील वीराच्या रथाला मालक नव्हता. कोणीही कारागीर तो लाकडात वा मातीत घडवू शकत होता. आधुनिक वीरकथेच्या रथाची प्रतिकृती विक्रीसाठी घडवावयाची तर परवाना घ्यावा लागतो.

४. तळहातावरील मोटार

परवाना घेऊन निघालेल्या प्रतिकृतींत सर्वांत प्रसिद्ध ती कॉर्गी या नाममुद्रेखालील. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेल्या फिलिप उलमन यांनी १९३३ साली इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथे मेटॉय ही कंपनी स्थापिली. तिच्या वेल्समधील स्वान्सी येथील कारखान्यात १९५६पासून कॉर्गी मोटारी तयार होऊ लागल्या. कॉर्गी हे वेल्समधील एका कुत्र्याच्या जातीचे नाव. ऑक्टोबर १९६६मध्ये या मालेतील क्रमांक २६७ची बॅटमोबील बाजारात आली. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव अंग, आत बॅटमॅन व त्याचा साथीदार रॉबिन यांच्या छोट्या मूर्ती, कळ दाबताच नाकातून बाहेर येणारे साखळी कापण्याचे पाते, मागील नळकांड्यांतून उडणारे प्लास्टिकचे अग्निबाण, आणि चाके फिरताच मागून आतबाहेर होणारी तांबडी ज्वाला, इतकी करामत त्या वितीएवढ्याही नसलेल्या वस्तूत होती. बारा अग्निबाण सोबत मिळत.

या प्रतिकृतीचे आकर्षण कशात आहे? फ्रेंच मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या रानटी विचारपद्धतीवरील ग्रंथात लघुप्रतिकृतीचे मर्म सांगितले आहे. मोठी वस्तू आपण अवयवशः जाणून घेतो व मग समग्राकडे जातो. आकार लहान केला की हा क्रम उलटतो. समग्र वस्तू एका दृष्टिक्षेपात कवेत येते, तिचा धाक उरत नाही, तिच्यावर आपली सत्ता चालते. हा विचार बॅटमोबीलला विशेष रीतीने लागू पडतो. सुपरमॅनची मूर्ती ही केवळ मूर्ती असते. तिला उडता येत नाही, म्हणजे त्याच्या शक्तीचा लेशही तिच्यात उतरत नाही. पण बॅटमॅनची शक्ती मुळात यंत्रातच असल्यामुळे यंत्र लहान केले तरी शक्ती त्याच्याबरोबर येते. पाते खरोखर बाहेर येते, बाण खरोखर उडतो. मुलाच्या हाती नायकाचे चित्र येत नाही. नायकाच्या सामर्थ्याचा एक चालता तुकडा येतो. शिवाय हे सामर्थ्य माणसाने घडविलेले असल्याने ते आपल्यालाही साध्य होण्याजोगे आहे, असे त्याला वाटू शकते. या आवडीचे मूळ येथे आहे.

५. खेळणे आणि संग्रह

मात्र खेळण्याचे प्रेम खेळण्याला मारक ठरते. बाण पलंगाखाली हरवतात, मूर्ती निखळतात, काळा रंग कडांवर झिजून धातू उघडा पडतो, आणि खोका तर पहिल्याच दिवशी फाटतो. क्रमांक २६७ची प्रतिकृती लक्षावधींच्या संख्येने विकली गेली, त्यामुळे ती दुर्मिळ म्हणता येत नाही. दुर्मिळ आहे ती मूळ खोक्यातील, बाणांसह शाबूत राहिलेली प्रत. ज्या मुलाला ती फारशी आवडली नाही त्याच्याकडेच ती शाबूत राहिली असण्याचा संभव अधिक, आणि आज मोल आहे ते तिला! संग्राहकाच्या बाजारातील हा विरोधाभास होय.

अमेरिकन समीक्षक सुझन स्ट्यूअर्ट यांनी १९८४ सालच्या आपल्या ग्रंथात स्मरणवस्तू आणि संग्रह यांत भेद केला आहे. स्मरणवस्तू गतकाळाशी नाते जोडते. संग्रहात मात्र वस्तूचा पूर्वेतिहास मागे पडून तिला मालेतील स्थान प्राप्त होते. बॅटमोबीलच्या चाहत्यांत या दोन्ही वृत्ती दिसतात. एकाला रंग उडालेली, बाण हरवलेली, पण आपलीच जुनी गाडी हवी असते. दुसऱ्याला प्रथमावृत्ती, पुढील आवृत्ती, चाकांचे भेद असा पूर्ण संच हवा असतो. उत्पादकांनीही प्रौढ ग्राहक ओळखला आहे. लेगो कंपनीने २०१९ साली काढलेली १९८९च्या मोटारीची प्रतिकृती ३,३०६ तुकड्यांची आहे. ती जोडणे हे लहान मुलाचे काम नव्हे. येथे एक जुना आनंद नव्या रूपाने परत येतो : मोटार तयार मिळत नाही, ती नायकाप्रमाणे स्वतःच्या हातांनी उभारावी लागते.

हे सर्व व्यापाराचेच फलित आहे, असा आक्षेप घेता येईल. व्यापाराने विक्री होते हे खरे. पण मेटॉय कंपनी १९८३ साली बुडाली, तरी तिची बॅटमोबील लोकांच्या मनातून गेली नाही. जाहिरात करणारा नाहीसा झाल्यावरही जी ओढ उरते तिचे कारण जाहिरातीपलीकडे शोधावे लागते.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, बॅटमोबीलची ओळख तिच्या कोणत्याही एका आकारात नसून तिच्या कार्यात आहे. अलौकिक देणगी न लाभलेल्या माणसाने बुद्धीने व श्रमाने मिळविलेल्या सामर्थ्याची ती खूण आहे. म्हणूनच ती बदलूनही तीच राहते, आणि म्हणूनच ती लहान केली तरी उणी होत नाही. संग्राहकाच्या कपाटातील न उघडलेल्या खोक्याला बाजारात अधिक मोल येते. परंतु त्या मोलाचा उगम, ज्या प्रती खेळून खेळून झिजल्या त्यांच्यातच आहे. उद्या कोणी या प्रतिकृतींचे संग्रहालय मांडले, तर त्यात एक बाण हरवलेली, रंग उडालेली गाडीही ठेवावी लागेल. तिच्यावाचून बाकीच्या गाड्यांचा अर्थ लागणार नाही.