कंठलंगोटाची कुळकथा

टायला मराठीत चेष्टेने ‘कंठलंगोट’ म्हणतात. खरे तर लंगोटाला काहीतरी काम असते. टाय ना थंडी अडवतो, ना घाम टिपतो.

त्याचे मूळ मात्र रणांगणावर आहे. १६१८ ते १६४८ या काळात युरोपात चाललेल्या युद्धात क्रोएशियाचे भाडोत्री घोडेस्वार फ्रान्सच्या बाजूने लढले. त्यांच्या गळ्यात गाठ मारलेला रुमाल असे. पॅरिसच्या शौकिनांना तो भलताच आवडला. क्रोएट लोक स्वतःला ‘ह्र्वात’ म्हणवतात; त्यांच्या नावावरूनच या रुमालाला फ्रेंचमध्ये ‘क्रावात’ म्हणू लागले.

१६९२ साली स्टीनकर्कच्या लढाईत अचानक हल्ला झाला. फ्रेंच अधिकाऱ्यांना नीट गाठ मारायलाही सवड मिळेना, म्हणून त्यांनी क्रावातीची टोके पिळून कोटाच्या काजात खोचली, असे सांगतात. झाले! घरी लोळत पडलेले लोकही घाईचा आव आणून टोके खोचू लागले.

पुढे या क्रावातीचा टाय झाला, तेव्हा इंग्रजांनी त्याला एक काम लावले, ओळख सांगण्याचे. पट्ट्यांच्या रंगांवरून पलटण, शाळा, क्लब कळे. ज्या पलटणीत आपण कधी नव्हतो तिचा टाय बांधणे म्हणजे शुद्ध तोतयेगिरी.

आजचा टाय घडला तो न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फमुळे. कापड सरळ न बेतता ४५ अंशांत तिरपे बेतायचे आणि तीन तुकडे जोडायचे, ही त्याची १९२० च्या दशकातली युक्ती. घरातला एखादा चांगला टाय घेऊन लांबीच्या दिशेने हलकेच ओढून पाहा. तो किंचित ताणला जातो आणि सोडला की मूळ आकारावर येतो. गाठ सोडल्यावर त्यात पीळ राहत नाही, ते याच तिरक्या कापामुळे. शाळकरी पोरांच्या इलॅस्टिकवाल्या आयत्या टायला अर्थात गाठ सोडण्याची भानगडच नाही.

आपल्याकडे अनेकांना टाय साहेबाच्या चाकरीची खूण वाटला. बाबासाहेब आंबेडकरांच्या गळ्यात त्याचा अर्थ पालटला. काय नेसावे, कोणते दागिने घालावेत, यावरही जातीचा पहारा असलेला तो काळ. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी तऱ्हा सोडायला सांगितले होते. त्यांचे स्वतःचे सूट-टायही याच भांडणातले. म्हणून गावोगावच्या चौकांत त्यांचा पुतळा दिसतो तो टाय बांधलेला. १४ एप्रिलची त्यांची जयंती जवळ आली की पुतळ्यावर नवा रंग चढतो. कोटाला निळा, टायला बहुधा लाल.