कुकडीच्या पात्रातील दगडी रांजण

दरवर्षी १ जानेवारीला आपण लाखोंच्या संख्येने मानवंदना देण्यासाठी भीमा-कोरेगावला जातो. पुलावरून भीमा ओलांडतो. पण त्या गर्दीत खाली वाहणाऱ्या नदीकडे पाहायला कोणाला सवड नसते. ही भीमा, तिला मिळणारी घोड आणि घोड नदीला मिळणारी कुकडी यांच्या पाण्यावर शिरूर-दौंड भागातील कितीतरी घरांच्या चुली पेटतात. ती नदी मुलांनी नीट पाहावी, या हेतूने आम्ही एका उन्हाळ्यात वस्तीतील मुलांना घेऊन कुकडीकाठी गेलो.

शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडे पारनेर तालुक्यातील निघोज, या दोन गावांमध्ये कुकडीचे कातळी पात्र आहे. पुलावर उभे राहून खाली पाहिले की थक्क व्हायला होते. काळ्या दगडात कुठे वाटीएवढे, कुठे घागरीएवढे, तर कुठे माणूस सहज मावेल एवढे गोल खड्डे पडलेले आहेत. आतून ते इतके गुळगुळीत, जणू पाथरवटाने महिनोन् महिने घासले असावेत! यांना रांजणखळगे म्हणतात.

सातवीतील एका मुलाने विचारले, "काका, हिमनदी दगड घासते असे आमच्या भूगोलात आहे. हे बर्फाने केले का?"

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. आमचा जन्म आवक-जावक नोंदवहीत गेला. तेव्हा "पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचन केले. त्या मुलाला जे सांगितले, तेच वाचकांपुढे ठेवतो.

महाराष्ट्रात बर्फ होता, ही गोष्ट खरी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे हिमनदीने ओरखडे ओढलेला खडक सापडला आहे. पण तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला काळा दगड म्हणजे लाव्हारस थंड होऊन झालेला बेसॉल्ट. त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. जो दगड तेव्हा जन्मालाच आला नव्हता, त्याला तो बर्फ कसा घासणार? अलीकडच्या हिमयुगातही सह्याद्रीवर हिमनद्या नव्हत्या.

मग हे खळगे केले कोणी? पाण्याने आणि गोट्यांनी. पुराच्या वेगवान पाण्यात भोवरे पडतात. कातळातील एखाद्या लहान खाचेत गोटा अडकला की भोवऱ्याबरोबर तो जात्यासारखा गरगर फिरतो आणि खाली दगड झिजत जातो. गोटा झिजून संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. हजारो वर्षे हे दळण चालले, तेव्हा हे रांजण झाले. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न येथे १८७२ साली असेच मोठे रांजण सापडले. तिथे पाणी वितळणाऱ्या हिमनदीचे होते, इथे पावसाळ्याचे. रीत मात्र एकच.

तरीही बर्फाचा आपल्या नद्यांशी काहीच संबंध नाही, असे नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडे हिमयुग भरात होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि आपल्याकडचा मान्सून दुबळा झाला होता. नद्यांना गाळ वाहून नेण्याचे बळ उरले नाही. गाळ खोऱ्यांतच साचला. पुढे सुमारे १० हजार वर्षांपूर्वी मान्सून जोमाने परतला आणि नद्यांनी तोच गाळ कापून पात्र खोल केले. घोड-भीमेच्या काठी मातीच्या उंच दरडी दिसतात. त्या म्हणजे पावसाचे जुने दफ्तर आहे.

या दफ्तरात माणसांचीही नोंद आहे. शिरूर तालुक्यातच, घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० च्या सुमारास तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. पुढे त्यांनी पुराचे पाणी वळवायला बांध आणि पाट काढला. इ.स.पू. १००० नंतर मात्र चौकोनी प्रशस्त घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकारीवर भर वाढला. इ.स.पू. ७०० च्या सुमारास वस्ती उठली. पाऊस कमी झाल्याने हे घडले, असे संशोधकांनी मांडले.

हे वाचताना आम्हाला १९७२ चा दुष्काळ आठवला. तेव्हा आपल्या आईबापांनी पोटासाठी दुष्काळी कामांवर हाच काळा दगड फोडून खडी केली. पाऊस हटला की आधी गरिबाचे घर उठते. तीन हजार वर्षांपूर्वीही, आणि आजही. म्हणून पाणी कसे वागते, कोण अडवतो, कोणाला मिळते, हे आपल्या मुलांना कळलेच पाहिजे. त्या दरडी वाळू-मातीसाठी पोखरल्या जातात, तेव्हा हे दफ्तरही ट्रकमधून निघून जाते, हेही त्यांना सांगावे.

निघोजला जायचे तर उन्हाळ्यात, पाणी कमी असताना जावे. पुलावरूनच पाहावे, गुळगुळीत कातळावर मुलांना मोकळे सोडू नये, पाण्याने भरलेल्या खळग्याचा तळ दिसत नाही.

आणि मुलांनी प्रश्न विचारला तर "गप बस" म्हणू नये. उत्तर ठाऊक नसेल, तर आमच्यासारखी एका रविवारची मुदत मागून घ्यावी.