पंच कोणत्या गावचा?

ब्लॅकटाउनहून रिचमंडकडे जाणाऱ्या आगगाडीचे दुसरे स्थानक क्वेकर्स हिल. हिवाळ्यातील कोणत्याही शनिवारी सकाळी येथे उतरणाऱ्यास शिट्टीचा आवाज ऐकू यावयास फार वेळ लागत नाही. दवाने भिजलेल्या मैदानांवर मुलांचे फुटबॉलचे सामने चाललेले असतात, कडेला घडीच्या खुर्च्यांवर पालक बसलेले असतात, आणि मध्यभागी चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा, अंगाला सैल होणारा सदरा घालून, पंचाचे काम करीत असतो. एरवी सौम्य स्वभावाचे गृहस्थही त्या मुलावर ओरडताना आढळतात. खेळाडूंची नावे सर्वांस ठाऊक असतात. ज्याच्या शिट्टीवाचून खेळ सुरूच होत नाही, त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

मराठीत ‘पंच’ हा शब्द गावकीतून आला. पाच जणांनी बसून तंटा तोडावयाचा आणि पंचामुखी परमेश्वर मानून तो निवाडा सर्वांनी स्वीकारावयाचा, अशी ती रीत होती. फुटबॉलने हे पाच जणांचे ओझे एकाच्या खांद्यावर टाकले आहे. आरंभी तसे नव्हते. दोन्ही पक्ष आपापला पंच आणीत, आणि त्या दोघांत मतभेद झाला तरच मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे प्रकरण सोपविले जाई. १८९१ मध्ये हा तिसरा माणूस मैदानाच्या आत आला व सर्वाधिकारी झाला. त्याची पात्रता एवढीच, की तो दोहोंपैकी कोणाचाही नसावा.

ह्या पात्रतेचे मोल वाचकांच्या पूर्वजांस चांगले ठाऊक होते. १८७१ मध्ये मॉरिशस बेटावरील ९,४०१ जुन्या मजुरांनी आदोल्फ द प्लेवित्झ ह्यांच्या साहाय्याने एक अर्ज सादर केला. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापावयाची, ही मळ्यांवरील वहिवाट त्या काळच्या गाऱ्हाण्यांत मोठी होती. आणि गाऱ्हाणे ज्याच्यापुढे मांडावयाचे तोही बहुधा मळेवाल्यांच्याच बैठकीतला असे, हे दुःख त्याहून मोठे होते. पुढल्याच वर्षी चौकशीसाठी विलायतेहून आयोग आला. बेटाशी ज्यांचा काही संबंध नव्हता, अशी माणसे आणावी लागली तेव्हा कागदोपत्री सत्य बाहेर पडले.

ज्या पंचाची हकीकत येथे सांगावयाची आहे, त्याचे नाव अलीरेझा फघानी. त्यांचा जन्म १९७८ मध्ये इराणच्या खोरासान प्रांतातील काश्मर गावी झाला. २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत आहेत. सिडनीकरांस त्यांचे प्रथम दर्शन ठळकपणे घडले ते ३१ जानेवारी २०१५ च्या रात्री. क्वेकर्स हिलच्या पूर्वेस, आगगाडीने तासाभराच्या अंतरावर, होमबुशचे मोठे क्रीडांगण आहे. तेथे आशियाई चषकाचा अंतिम सामना ऑस्ट्रेलिया व दक्षिण कोरिया ह्यांच्यात होता आणि शिट्टी फघानींच्या हाती होती. ७६ हजारांवर प्रेक्षक, बहुतेक सारे एकाच पक्षाचे. ऑस्ट्रेलियाचा एक गोल आघाडीवर असताना नियमित वेळ संपली, आणि जादा मिनिटांत कोरियाच्या सोन ह्यांनी बरोबरी साधली. सामना तीस मिनिटे लांबला. अखेर ट्रोइसी ह्यांच्या गोलाने यजमानांनी २–१ असा विजय मिळविला. अशा जमावापुढे यजमानांविरुद्ध हात वर करावयाचा, तर तो हात परक्याचाच असावा लागतो. फघानी तेथे नेमले गेले त्याचे एक कारण हेच, की ते सिडनीचे नव्हते.

त्यानंतरची त्यांची वाटचाल थोडक्यात सांगता येते. डिसेंबर २०१५ मध्ये योकोहामा येथे बार्सेलोना व रिव्हर प्लेट ह्यांचा जागतिक क्लब स्पर्धेतील अंतिम सामना, २० ऑगस्ट २०१६ रोजी माराकाना मैदानावर ब्राझील व जर्मनी ह्यांचा ऑलिंपिकचा अंतिम सामना, आणि २०१८ च्या विश्वचषकात रशियामध्ये चार सामने. ह्या चारांपैकी कझान येथील फ्रान्स–अर्जेंटिना सामना फुटबॉलप्रेमी विसरणार नाहीत. आरंभीच एम्बापे आपल्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निघाला व रोहो ह्याने त्यास पाडले. फघानींनी तत्काळ पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखविले. एवढ्या वेगाच्या धावेमागे पंचासही धावावे लागते, ही गोष्ट खुर्चीत बसून पाहणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच येते.

पंचाच्या पायांची परीक्षा खरोखरच कठोर असते. आंतरराष्ट्रीय पुरुष पंचास प्रथम ४० मीटरांच्या सहा दौडी, प्रत्येकी सहा सेकंदांच्या आत, पार कराव्या लागतात. मग ७५ मीटर पंधरा सेकंदांत धावावयाचे आणि २५ मीटर अठरा सेकंदांत चालावयाचे, असे चाळीस वेळा. एकूण चार किलोमीटर. पूर्वी ४५ व्या वर्षी आंतरराष्ट्रीय बिल्ला उतरवावाच लागे. पुढे ती अट गेली, परंतु धाव मात्र राहिली.

आणि एवढे करून पोट भरते काय? पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण पंच दुसऱ्या धंद्यावर जगत. पिवळ्या व लाल पत्त्यांची कल्पना ज्यांना रस्त्यावरील सिग्नलचे दिवे पाहून सुचली व १९७० च्या विश्वचषकात जी प्रथम वापरात आली, ते केन ॲस्टन शाळेत शिक्षक होते. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ पगारी पंचांचा गट २००१ मध्ये झाला. ऑस्ट्रेलियात खेळाडू व्यावसायिक झाले तरी पंचांपैकी बहुतेकांस नोकरी सांभाळूनच शिट्टी वाजवावी लागली. क्वीन्सलंडचे जॅरेड जिलेट ह्यांनी मेंदूच्या विकारामुळे ज्यांच्या चालण्यात अडथळा येतो अशा मुलांच्या हालचालींवर संशोधन करीतच वरिष्ठ लीगचे सामने चालविले. २०१९ मध्ये ते इंग्लंडला गेले, आणि २५ सप्टेंबर २०२१ रोजी वॉटफर्ड व न्यूकॅसल ह्यांच्या सामन्यात प्रीमियर लीगमध्ये शिट्टी वाजविणारे ब्रिटन-आयर्लंडबाहेरचे पहिले पंच ठरले.

योगायोग असा, की जिलेट देश सोडून गेले त्याच २०१९ साली फघानी कुटुंबासह ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले. चाळिशी ओलांडलेला, विश्वचषकाचा अनुभव गाठीशी असलेला हा माणूस येथील लीगमध्ये सामने चालवू लागला. २०२२ च्या विश्वचषकापर्यंत त्यांच्या नावापुढे इराण लिहिले जाई. त्यानंतर ऑस्ट्रेलिया लिहिले जाऊ लागले. १३ जुलै २०२५ रोजी अमेरिकेत चेल्सी व पॅरिस ह्यांचा जागतिक क्लब स्पर्धेचा अंतिम सामना झाला, तो त्यांनी ऑस्ट्रेलियाचे पंच म्हणून चालविला. त्यांचे वय तेव्हा ४७ होते. पॅरिसच्या एका खेळाडूने प्रतिस्पर्ध्याचे केस ओढले, ते चित्रफितीत पाहून त्यांनी त्यास बाहेर काढले.

नवा देश स्वीकारणाऱ्यास काही मिळते व काही सोडावे लागते, हे गिरमिटियांच्या वंशजांस कोणी समजावून सांगावयास नको. पंचाच्या बाबतीत हा हिशेब विलक्षण आहे. पूर्वी इराणचा सामना फघानींस वर्ज्य होता. आता ऑस्ट्रेलियाचा सामना वर्ज्य झाला. आपलेपणा वाढला, तसतशी वर्ज्य सामन्यांची यादी बदलली.

परकेपणाचाही नेहमी उपयोग होतोच असे नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात रियाध येथे वेस्टर्न सिडनी वाँडरर्स संघ आशियाई क्लबांचा विजेता झाला. जपानचे युइची निशिमुरा हे पंच होते. अल हिलाल संघाच्या पेनल्टीच्या मागण्या त्यांनी फेटाळल्या, सामना ०–० राहिला, आणि पॅरामॅटा येथील पहिल्या सामन्यातील एका गोलावर चषक सिडनीच्या पश्चिम भागात आला. रियाधमध्ये निशिमुरांविरुद्ध केवढा संताप उसळला! ब्लॅकटाउनच्या बाजूला त्या पहाटे त्यांच्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला असेल, हे मात्र संभवत नाही. पंचाचा पक्षपात आपणांस दिसतो तो प्रायः आपण हरल्यावरच.

ज्या बेटांवर गिरमिटियांची जहाजे लागली, त्यांनीही ह्या क्षेत्रात आपली माणसे दिली आहेत. मॉरिशसचे लिम की चाँग ह्यांनी १९९४ मध्ये ट्यूनिस येथे नायजेरिया व झांबिया ह्यांचा आफ्रिकी चषकाचा अंतिम सामना आणि त्याच वर्षी विश्वचषकात ब्राझील–रशिया सामना चालविला. फिजीमध्ये १९३८ साली स्थापन झालेल्या फुटबॉल संघटनेच्या नावातच ‘इंडियन’ हा शब्द होता. १९६१ मध्ये तो वगळून ती सर्वांची झाली. त्याच फिजीचे रवीनेश कुमार २०१४ च्या विश्वचषकात नायजेरिया व बोस्निया ह्यांच्या सामन्यात निशाण घेऊन रेषेवर धावत होते. बारा लाखांहूनही कमी वस्ती असलेला तो देश विश्वचषकात कधी खेळलेला नाही. त्याचा निशाणवाला मात्र तेथे पोहोचला.

होमबुशच्या त्याच क्रीडांगणात ऑस्ट्रेलियाचा आंतरराष्ट्रीय सामना असतो तेव्हा दुसऱ्या देशाचे पंच विमानाने येतात. फघानींस त्या रात्री शिट्टी घरी ठेवावी लागते.