खोली किती टनांची?

एसी घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘खोली केवढी?’ बारा बाय बारा म्हटलं की ‘दीड टन घ्या’ हे उत्तरही ठरलेलं. पण एसीला बाहेर फेकायची असते ती खोलीत शिरणारी उष्णता, आणि ती नुसत्या क्षेत्रफळावर ठरत नाही.

एसीचा ‘टन’ हे वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे 907 किलो बर्फ 24 तासांत वितळताना ज्या दराने उष्णता शोषतो, तो हा टन: सुमारे 3.5 किलोवॅट.

आता मे महिन्यातलं नागपूर घ्या. गच्चीखालची बारा बाय बाराची खोली. स्लॅब वरून 60 अंशांपर्यंत तापलेला, आत हवेत 26 अंश. एवढ्या फरकाला उघड्या काँक्रीटमधून दीड किलोवॅटच्या आसपास उष्णता झिरपते. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन दर चौरस मीटरमागे काहीशे वॅट भर घालतं, बसलेला प्रत्येक माणूस सुमारे 100 वॅट. भिंती, फटी, टीव्ही धरले की बेरीज एका टनाला भिडते. शिवाय एसीची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. 45 अंशांत ती घटते. इथे दीड टन योग्यच. तीच खोली मधल्या मजल्यावर असेल, तर स्लॅबचा वाटा जवळजवळ गळतो आणि एक टन पुरतो.

मुंबई-कोकणात स्लॅबच्या जोडीला बाष्प येतं. तासाला एक लिटर पाणी हवेतून काढायलाच टनाचा पाचवा हिस्सा खर्ची पडतो. म्हणून ‘मोठा घेतला तर बरा’ हा सल्ला इथे महागात पडतो. गरजेपेक्षा मोठा साधा एसी खोली झटपट गार करून थांबतो, बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार होते, पण दमट राहते. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून हा दोष बराच टाळतो; मात्र त्यालाही किमान मर्यादा असतेच.

तेव्हा खरेदीआधी गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करा, दारांच्या फटी बुजवा. मग दुकानदाराला खोलीच्या मापाबरोबर मजला, खिडकीची दिशा आणि माणसांची संख्याही सांगा. टन त्यानंतर ठरवा.