चढावर गाडी का ओढत नाही?

खंबाटकीच्या चढावर वर्षभराचीच टर्बो गाडी ओढेनाशी झाली, तर लगेच ‘टर्बो गेला’ म्हणून धास्तावू नका. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंवर टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि इंजिनात हवा दाबून भरतं. ही हवा नेणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्प सैल झाला की दाब तिथेच गळतो. बॉनेटखालून ‘फुस्स’ ऐकू येतं, सांध्यावर तेलकट ओल दिसते. चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. वॉरंटीतली गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात उघडणं मला तरी पटत नाही. ऑइल मात्र कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं, वेळेवर बदललेलं. बहुतेक टर्बोंचा आस त्याच्याच पातळ थरावर तरंगत फिरतो. घाट चढून थांबलात, तर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा.